बंपर सरळ झाला, पण गाडी तापायला लागली: धडकेनंतर इंजिनाच्या हवेचा रस्ता कसा तपासायचा

साताऱ्यात एका चढावर रांगेत उभा होतो. पुढचा टेम्पो मागे सरकला आणि त्याचा हूक माझ्या गाडीच्या नाकात बसला. बंपर आत गेला, आणि टेम्पो पुढे होताच ‘टप्प’ असा आवाज करून परत जागेवर आला. टेम्पोवाला उतरला, दोघांनी वाकून पाहिलं, वाकलेली नंबर प्लेट त्यानं हातानंच सरळ केली. ‘काही नाही झालं, जाऊ द्या’ म्हणून दोघंही मोकळे झालो. पुढे आठवडाभरानं एका गॅरेजमध्ये बंपर काढून रंगाचा ओरखडा बुजवून घेतला. गाडी नव्यासारखी दिसायला लागली.

मे महिन्यात घरच्यांना घेऊन महाबळेश्वरला निघालो. वाई सोडून पसरणी घाट निम्मा चढलो असेन, तोच एसीतून कोमट हवा यायला लागली. पाचेक मिनिटांत लाल दिवा लागला.

त्यानंतर दीड महिना जे झालं त्याला ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ म्हणतात. आधी थर्मोस्टॅट (कूलंटचा रस्ता उघडणारी-बंद करणारी झडप) बदलला. मग कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी, बदलला. मग एसीचा गॅस भरला. शेवटी एका म्हाताऱ्या रेडिएटरवाल्यानं गाडीखाली पोतं टाकलं, आडवा झाला आणि दोन मिनिटांत उठून म्हणाला, “पाणी ठीक आहे, वारा चुकतोय.” रेडिएटरला धरणारा वरचा उजवा ब्रॅकेट तुटला होता. रेडिएटर आणि त्याच्या पुढची एसीची जाळी दोन बोटं मागे झुकली होती. बाजूची स्पंजची पट्टी गायब होती. आणि खालचं प्लास्टिकचं कव्हर? ते बंपरच्या कामाच्या वेळी ‘लोंबत होतं’ म्हणून कापून टाकलेलं. कूलंटचा एक थेंबही कधी गळला नव्हता, म्हणून कोणाला शंकाच आली नाही.

गाडी तापली की आपण पाण्याचा विचार करतो, हवेचा करत नाही. हा सगळा लेख त्या हवेसाठी आहे. पुढून धडक बसलेली गाडी, मग ती कितीही किरकोळ असो, स्वतः कशी तपासायची आणि गॅरेजवाल्याला नेमकं काय सांगायचं, ते क्रमानं लिहितो.

हवा येते कुठून, जाते कुठे

इंजिनात जळलेल्या इंधनातल्या ऊर्जेपैकी ढोबळमानानं एक तृतीयांश उष्णता म्हणून कूलंटमध्ये उतरते. कूलंट ती रेडिएटरपर्यंत नेतो. तिथून पुढचं काम हवेचं.

ही हवा बंपरच्या जाळीतून आणि बंपरखालच्या रुंद तोंडातून शिरते. आधी तिला लागतो एसीचा कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी. बऱ्याच टर्बो डिझेल गाड्यांत त्याच्याजवळ इंटरकूलरही (टर्बोकडून इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी) असतो. मग रेडिएटर, त्यामागे फॅन आणि फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कडं, म्हणजे श्राउड. तिथून हवा इंजिनाभोवती फिरते आणि मुख्यतः गाडीच्या पोटाखालून बाहेर पडते.

आता हवेचा स्वभाव. हवा आळशी असते. रेडिएटरच्या बारीक पात्यांमधून घुसणं तिला कष्टाचं वाटतं, त्यामुळे बाजूला बोटभर फट दिसली की ती तिथून सटकते. म्हणून कंपनी रेडिएटरच्या चारही बाजूंना स्पंजच्या पट्ट्या, रबराच्या झडपा आणि प्लास्टिकच्या आडभिंती लावते. बंपर उघडल्यावर या वस्तू इतक्या फालतू दिसतात की कामात सर्वात आधी त्याच टाकल्या जातात.

दुसरं, हवा आत येण्यासाठी ती बाहेरही पडली पाहिजे. पुढे दाब जास्त आणि इंजिनाच्या मागे-खाली दाब कमी, या फरकावर वेगातल्या गाडीचं सगळं कूलिंग चालतं. खालचं कव्हर आणि बंपरखालची प्लास्टिकची किंवा रबराची ओठासारखी पट्टी हा फरक टिकवायला मदत करतात. ते गेलं की रस्त्यालगतची वेगवान हवा खालून इंजिनाच्या खोलीत घुसते, तिथला दाब वाढतो आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला जायला जागा उरत नाही. ‘खालचं कव्हर काढून टाका साहेब, इंजिनाला वारा लागेल’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता वाद घालत नाही. प्रत्येक गाडीत परिणाम सारखा नसतो हे खरं, पण काही गाड्यांत महामार्गावर तापमान चढायला तेवढं पुरतं.

गाडी सावकाश चालत असेल किंवा उभी असेल तेव्हा काम फॅनचं. साधारण ताशी ५०-६० किलोमीटरच्या वर गेलं की समोरचा वारा पुरेसा होतो आणि फॅनची गरज जवळपास संपते. हे लक्षात ठेवा, पुढे निदान करताना याचाच उपयोग आहे.

धडक कुठे बसली, त्यावर बिघाड

बंपरचा बाहेरचा भाग आजकाल लवचीक प्लास्टिकचा असतो. आत जातो, परत येतो, आणि ‘वरून कीर्तन आतून तमाशा’ असा प्रकार होतो. त्याच्या मागे लोखंडी किंवा ॲल्युमिनिअमची आडवी पट्टी असते, तिच्यामागे थोडी मोकळी जागा, आणि लगेच कंडेन्सर. छोट्या गाड्यांत ही मोकळी जागा फारच थोडी असते.

मधोमध धडक बसली तर कंडेन्सरला पोचा येतो किंवा त्याची पाती दबतात. तो फुटला तर एसी बंद पडतो, निदान समजतं तरी. नुसता दबला तर एसी चालतो, पण मागच्या रेडिएटरला हवा कमी मिळते. रेडिएटरचा मधला भाग ॲल्युमिनिअमचा आणि दोन टोकांच्या टाक्या बहुतेक गाड्यांत प्लास्टिकच्या. धडकेत मधली जाळी वाचते आणि टाकीला केसाएवढी चीर जाते. ती चीर थंड असताना दिसत नाही, दाब आला की उघडते.

दाबावरून आठवलं. कूलंट आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण साधारण १ बारचा, म्हणजे बाहेरच्या हवेइतका जादा, दाब धरून ठेवतं म्हणून तेच मिश्रण १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. चिरेतून दाब निसटला की ही वीसेक अंशांची उसंत संपली. त्यात कोणी नुसतं पाणी भरलेलं असेल आणि गाडी महाबळेश्वरसारख्या तेराशे मीटरच्या उंचीवर असेल, तर उघड्यावरचं पाणी १०० च्याही आधी, ९५-९६ अंशांनाच उकळतं.

कोपऱ्यावर धडक बसली तर रेडिएटर बहुधा वाचतो, पण बाजूच्या आडभिंती आणि मडगार्डच्या आतलं लायनर, म्हणजे प्लास्टिकचं अस्तर, निसटतं. लायनर नसेल तर चाकाचा चिखल बेल्टवर, अल्टरनेटरवर उडतो. ज्या गाड्यांचा इंटरकूलर कोपऱ्यात आहे, त्यांत आधी पिकअप कमी झाल्यासारखा वाटतो.

वरून धडक, म्हणजे ट्रकच्या मागच्या पट्टीखाली नाक शिरलं, की बोनेट आणि वरचा क्रॉस मेंबर, म्हणजे रेडिएटरच्या वरचा आडवा दांडा, वाकतो. रेडिएटर आणि बोनेटचं लॉक याच क्रॉस मेंबरवर असतं. बोनेटच्या पुढच्या कडेखाली रबराची लांब पट्टी असते, ती रेडिएटरच्या वरची फट बंद करते. बोनेट अर्धा इंच वर राहिलं तरी ती टेकत नाही. मग गाडी उभी असताना फॅननं मागे फेकलेली गरम हवा वरून फिरून पुन्हा पुढे येते आणि रेडिएटर तीच हवा परत ओढतो.

खालून धडक ही खास आपल्याकडची. अवाढव्य गतिरोधक, पावसाळ्यातले खड्डे, फुटपाथची कड, तुंबलेल्या पाण्यातून घातलेली गाडी. साचलेल्या पाण्याचा जोर कव्हरच्या क्लिपा उपटतो, मग वाऱ्यानं ते फडफडतं आणि एक दिवस रस्त्यावर पडतं. कित्येकांना पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत पत्ताही नसतो.

मागचा बंपर, दरवाजे, टप यांच्या पोच्यांचा पुढे इंजिन असलेल्या गाडीच्या कूलिंगशी संबंध नाही. तिथे फक्त रंगाची चिंता करा.

पायरी १: धडक बसल्या जागी

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, खाली बघा. नाकाखाली रंगीत (हिरवा, गुलाबी, लाल, निळा), चिकट आणि गोडसर वासाचा ओघळ असेल तर तो कूलंट. एसीचं पाणी रंगहीन असतं आणि बरंच मागे, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला ठिबकतं. कूलंट विषारी असतो आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात, म्हणून शक्य तर माती टाका.

ओघळ असेल तर गाडी चालवू नका, टोचन करून न्या. इथे एक फसवणूक आहे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच नीट वाचतो. सगळा कूलंट सांडला की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चढण्याऐवजी जागेवरच राहतो, कधी खालीही येतो. ‘काटा तर नॉर्मल होता’ म्हणत इंजिनाचं हेड (वरचा भाग) उष्णतेनं वाकवून आणलेल्या गाड्या गॅरेजवाल्यांनी भरपूर पाहिल्यात.

ओघळ नसेल तर गाडी हलवण्यापूर्वी फोटो काढा: समोरून, दोन्ही कोपऱ्यांतून आणि फोन जमिनीलगत धरून खालून. खालचा फोटो कोणी काढत नाही, आणि नेमका तोच पुढे विम्याला आणि निदानाला कामी येतो.

पायरी २: घरी, थंड गाडीवर

कमीत कमी दोन-तीन तास गाडी बंद असू द्या. इलेक्ट्रिक फॅन काही गाड्यांत चावी काढल्यावरही अचानक फिरतो, त्यामुळे हात आत घालण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला बरा.

बोनेट उघडून आधी रेडिएटर हलवून बघा. रबरी बुशांमुळे तो थोडा डुलतो, ते ठीक. पण एक बाजू सैल आणि दुसरी घट्ट असेल तर ब्रॅकेट तुटलाय. मग वरून रेडिएटर आणि क्रॉस मेंबर यांतलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. माझ्या गाडीत हा फरक वरून डोळ्यांना जाणवत नव्हता, मोजपट्टी लावल्यावर दिसला.

फॅनचं पातं हातानं सावकाश फिरवा. कुठे घासतं का? पातं आणि कडं यांतलं अंतर सगळीकडे सारखं आहे का? कडं तडकलं असेल किंवा एका बाजूला निसटलं असेल तर फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची ओढतो. आवाज तेवढाच येतो, काम अर्धं होतं.

नंतर बोनेटच्या रबराची परीक्षा. रबरावर खडूची पूड लावा, बोनेट बंद करा, उघडा. रबर जिथे टेकतं तिथे खडूची सलग रेघ उमटली पाहिजे. जिथे रेघ तुटली तिथे फट.

आता रात्र होऊ द्या. एकानं जमिनीलगतून किंवा बाजूनं रेडिएटरच्या मागे टॉर्च मारायचा आणि दुसऱ्यानं जाळीसमोर बसून बघायचं. रेडिएटरच्या कडेनं जिथून थेट उजेड दिसतो तिथून हवाही जाते. स्पंजच्या गळालेल्या पट्ट्या शोधायचा यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

खालून बघताना कव्हर आहे का, सगळ्या क्लिपा आहेत का, आणि बंपरखालचा ‘ओठ’ शिल्लक आहे का, एवढं तपासा. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. फोनचा कॅमेरा सरकवला तरी काम होतं.

कूलंटची पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये असावी. तिथे टेपचा तुकडा चिकटवून आजची पातळी आणि तारीख लिहून ठेवा.

पायरी ३: फॅन हवा ओढतो का फेकतो

इंजिन चालू करा, एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात फॅन फिरायला लागतो. वहीचा कागद जाळीसमोर धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. ढकलला गेला तर फॅनच्या मोटरच्या तारा उलट्या जोडल्यात. हे ऐकायला विनोदी वाटतं, पण पुढचा भाग उघडून दुरुस्त केलेल्या गाड्यांत ही चूक होते. अशी गाडी उभी असताना तापते आणि विशिष्ट वेगाला जास्तच तापते, कारण समोरचा वारा आणि फॅन एकमेकांशी झुंजत असतात.

काडीच्या टोकाला लोकरीचा धागा बांधून तो जाळीच्या कडांजवळ, हेडलाइटच्या खाली, बोनेटच्या फटीशी फिरवा. कुठेही धागा तुमच्या दिशेला उडाला तर तिथून गरम हवा पुढे परत येतेय. उदबत्तीचा धूर जास्त छान दिसतो, पण धडक बसलेल्या गाडीच्या तोंडाशी विस्तव नको.

बऱ्याच गाड्यांत फॅनला दोन वेग असतात आणि हळू वेग एका रेझिस्टरमधून (विजेचा प्रवाह कमी करणारा भाग) मिळतो. तो पुढेच असल्यामुळे धडकेत जातो. मग फॅन हळू फिरतच नाही, तापमान बरंच चढल्यावर एकदम जोरात सुटतो. कान देऊन ऐका.

आणखी एक युक्ती. गाडी नेहमीच्या तापमानाला असताना (तापलेली असताना अजिबात नाही), एसी चालू ठेवून उभ्या गाडीच्या कंडेन्सरवर बागेच्या पाइपनं हलकं पाणी मारा. एसी लगेच थंडगार झाला तर गॅस बहुधा ठीक आहे, कंडेन्सरला हवाच मिळत नाहीये. माझा गॅसचा खर्च या एका बादलीभर पाण्यानं वाचला असता.

पायरी ४: रस्त्यावरची चाचणी

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर थांबवलेला असतो, १०-२० अंश इकडेतिकडे झाले तरी हलत नाही. काही गाड्यांत तर काटाच नाही, गार असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल, मधलं काही नाही. ओबीडीच्या सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती देणारी खाच) लागणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घ्या आणि फोनवर खरा आकडा बघा. सॉकेट सहसा स्टिअरिंगच्या खाली असतं. आकडा सोबत्याला वाचायला सांगा, चालवताना फोनकडे बघू नका.

सर्वसाधारण पेट्रोल गाडी ८५ ते ९५ अंशांत चालते, ९५ ते १०० च्या आसपास फॅन लागतो आणि तापमान परत खाली येतं. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात, पुस्तिका बघा. १०५ च्या वर सतत चढत असेल तर चाचणी थांबवा.

आधी दहा मिनिटं गाडी उभी ठेवून एसी लावा. मग सपाट रस्त्यावर ताशी ८० च्या स्थिर वेगानं पंधरा मिनिटं. शेवटी एखादा चढ. सगळे आकडे वेळेसकट लिहा.

उभ्या गाडीत किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेग घेतल्यावर निवळते: फॅन, त्याची मोटर, रेझिस्टर, कडं, किंवा गरम हवा पुढे फिरणं. शहरात ठीक आणि महामार्गावर वेग वाढला की चढते: खालचं कव्हर, बंपरखालचा ओठ, बाजूच्या फटी, दबलेली किंवा चिखलानं भरलेली पाती. इथे आतून तुंबलेल्या रेडिएटरचाही संशय घ्यावा, तोही असाच वागतो. दोन्हीकडे तापते आणि कूलंट कमी होतो: गळती शोधा. दोन्हीकडे तापते, कूलंट कमी होत नाही आणि हवेचा रस्ता निर्दोष आहे: आता थर्मोस्टॅटकडे आणि कूलंटच्या पंपाकडे वळा. या क्रमानं गेलं तर पैसे वाचतात. मी उलट्या क्रमानं गेलो होतो.

घाट ही सर्वात कडक परीक्षा, कारण तिथे इंजिन जोर लावतं आणि वेग ३०-४० चाच असतो. म्हणजे उष्णता महामार्गाची आणि वारा ट्रॅफिकचा. खंबाटकी, कसारा किंवा पसरणीत न तापलेली गाडी बाकी कुठे सहसा तापत नाही. विदर्भात मात्र गाडी तापायला घाटाचीही गरज नाही. चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यात हवाच ४५ अंशांची असते. ९५ अंशांचा कूलंट आणि २५ अंशांची हवा यांत ७० अंशांचा फरक, तिकडे तोच ५० वर येतो. रेडिएटरची उष्णता टाकण्याची ताकद जवळपास याच फरकाच्या प्रमाणात कमी होते. जानेवारीत खपून जाणारी फट मे महिन्यात का नडते, त्याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

एक प्रयोग करण्यासारखा आहे. आकडे लिहून झाले की सापडलेल्या फटी चिकट फोमच्या पट्टीनं बंद करा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तसाच एसी लावून परत जा. फॅनच्या पात्याजवळ काही सैल ठेवू नका. आकडा खाली आला तर निदान झालं.

पायरी ५: गॅरेजमध्ये काय सांगायचं

‘गाडी तापते, बघा’ असं सांगितलं की समोरचा माणूस त्याला जे सवयीचं ते बदलतो. त्यापेक्षा लिहून द्या: ‘अमुक तारखेला पुढून धडक. उभी असताना ९६, ताशी ८० ला १०४. उजव्या बाजूला फट दिसते.’

बंपर काढायचा असेल तर तिथे थांबा. निघालेला प्रत्येक स्पंज, क्लिप, आडभिंत एका डब्यात ठेवायला सांगा आणि मोजा. तुटलेला ब्रॅकेट वेल्डिंगनं किंवा वायरटायनं भागवू देऊ नका. वायरटाय उष्णतेनं ठिसूळ होतो आणि रेडिएटर हळूहळू होज पाइपवर लोंबायला लागतो. खालचं कव्हर बाजारातलं चालेल, पण त्याच मॉडेलचं घ्या. त्याऐवजी जाड लोखंडी पत्रा ठोकून देणारे भेटतात. त्याला हवा बाहेर जाण्याच्या खाचा नसतील तर रोगापेक्षा औषध वाईट.

दबलेली पाती प्लास्टिकच्या कंगव्यासारख्या हत्यारानं सरळ होतात. थोडी असतील तरच हा उद्योग करावा, मोठा पोचा असेल तर कंडेन्सर बदला. कोकणातल्या तांबड्या मातीनं किंवा उसाच्या भागातल्या पाचटानं भरलेली जाळी हलक्या धारेनं, जमलं तर मागून पुढे धुवावी. वॉशिंग सेंटरवरचा प्रेशरचा पाइप जवळून मारला की पाती आडवी होतात, हे काम धडकेइतकंच नुकसान करतं.

रेडिएटर बदलला असेल तर ‘एअर काढली का?’ हे विचारा. आत अडकलेला हवेचा बुडबुडा नवीन रेडिएटरलाही बदनाम करतो. जुना आणि नवा वेगवेगळ्या प्रकारचा कूलंट मिसळू देऊ नका.

बोनेटच्या बिजागरीखाली वॉशर घालून मागची बाजू उचलायची एक फॅशन आहे, गरम हवा निघून जावी म्हणून. गाडी उभी असताना थोडा उपयोग होतही असेल. पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर येण्याऐवजी आत जाते. बुल बारचंही, म्हणजे बंपरपुढे लावायच्या लोखंडी दांड्यांचंही, तसंच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलंय की असे बार लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात आहे. कायदा बाजूला ठेवला तरी जाड बार आणि त्यावरचे चार जादा दिवे जाळीची बरीच जागा खातात. आणि दसऱ्याचा झेंडूचा हार संध्याकाळी काढावा. पाकळ्या कंडेन्सरमध्ये अडकून दिवाळीपर्यंत तिथेच वाळतात.

विम्याचं थोडक्यात

दुरुस्तीला हात लावण्याआधी कंपनीला कळवा. सर्वेअर आला की त्याला बंपर उतरवून आतला भाग दाखवा. बाहेरून पाहून केलेल्या अंदाजात ब्रॅकेट आणि कव्हर येत नाहीत. घसाऱ्याशिवायचं (झिरो डेप) ॲड-ऑन नसेल तर प्लास्टिक, नायलॉन आणि रबराच्या सुट्या भागांवर ५० टक्के कापले जातात, आणि कूलिंगचे बरेचसे भाग नेमके प्लास्टिकचेच. सर्वात महत्त्वाचं म्हणजे, रेडिएटर फुटल्यावर तशीच चालवून इंजिन जाम केलं तर ते नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत, कारण ते धडकेमुळे नाही, चालवल्यामुळे झालेलं मानतात.

घाटातच गाडी तापायला लागली तर

एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात. मे महिन्यात हे ऐकून मुलं ओरडतील, काचा उघडा. हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे. पहिली सुरक्षित जागा दिसताच थांबा. लाल दिवा पेटलाच असेल किंवा वाफ दिसत असेल तर थांबताच इंजिन बंद करा. झाकण किमान अर्धा-पाऊण तास उघडू नका, आत दाबाखालचं शंभरच्या वरचं पाणी असतं आणि ते थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतायचा मोह आवरा, ॲल्युमिनिअमचं हेड तडकू शकतं.

काम झाल्यावर

पंधरा दिवसांनी टेपवरची कूलंटची पातळी परत बघा, सकाळी, थंड गाडीवर. केसाएवढी चीर असेल तर ती आता सापडते. बंपरच्या फटी दोन्ही हेडलाइटपाशी सारख्या आहेत का, बोनेट एका दणक्यात लॉक होतं का, तेही बघा. लॉक अर्धवट बसत असेल तर ते कूलिंगपेक्षा मोठं संकट, महामार्गावर बोनेट काचेवर येतं.

माझ्या गाडीला अखेर लागलं काय? एक ब्रॅकेट, दोन बुश, हातभर स्पंजची पट्टी आणि खालचं कव्हर. पुढच्या मे महिन्यात पसरणी घाट एसी लावून चढलो. बायको स्कॅनरचा आकडा वाचत होती: ९४, ९७, ९८, ९६. पाचगणीच्या टेबल लँडपर्यंत तो शंभरच्या खालीच राहिला.